भुरी, बोर्डो आणि ब्रुनेल्लो

तासगावाकडच्या आमच्या बागेत औषधांची एक खोली होती. खोली म्हणजे पत्र्याचं शेडच, पण दाराला कुलूप असायचं म्हणून खोली. कोपऱ्यात प्लास्टिकची दोन बॅरलं. त्यातलं एक आतून-बाहेरून आभाळी निळं झालेलं. हवा ढगाळली, पानांच्या मागं दावण्या रोगाची पांढरी लव दिसायला लागली, की आबा एकात मोरचूद भिजत घालायचे, दुसऱ्यात चुना कालवायचे आणि दोन्ही एकत्र ओतताना मला काठी घेऊन ढवळायला उभं करायचे. मिश्रण जमलं का बघायला त्यात विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. विळा जसा घातला तसाच निघाला, की आबा म्हणायचे, "झाला बोर्डो."

बोर्डो हे गावाचं नाव आहे हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. तोवर माझा समज असा, की द्राक्षवाल्यांचं कुठलंतरी बोर्ड असणार आणि त्यांनी काढलेलं औषध म्हणून ते बोर्डो. फ्रान्समध्ये त्या गावाकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडून तोंडात टाकू नयेत, एवढाच हेतू. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं की शिंपडलेल्या वेलींवर दावण्या येत नाही, आणि १८८५ साली त्यानं ते जाहीर केलं. चोरांसाठी केलेलं पाणी असं जगभरच्या द्राक्षांचं औषध झालं. आणि माझे माळकरी आबा, ज्यांनी जन्मात कधी ग्लासाला हात लावला नाही, ते जन्मभर वाइनवाल्यांचं औषध मारत राहिले.

आमच्या घरात दारूचा थेंब नव्हता. आजीचं द्राक्षासव सोडून. ते वैद्यांनी दिलेलं, म्हणून औषध. दोन चमचे कोमट पाण्यातून, रात्री, देवाला नमस्कार करून. संपत आली की बाटली हलवून बघायची, आणि नवी आणायला एवढी घाई का, हे तिला कुणी विचारायचं नाही.

हे सगळं आठवायचं कारण, गेल्या नोव्हेंबरात मी चाळिशीला टेकलेली एक वाइन प्यायले.

आम्ही बोलोन्याला राहतो. नवरा इथे पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, मी घरून काम करते. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात, तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. आम्ही घरात त्यांना मास्तर म्हणतो आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. इटलीतल्या जुन्या इमारतींना तळघर असतं आणि प्रत्येक बिऱ्हाडाला त्यात जाळीच्या दाराची एक खोपटी मिळते. तिला 'कांतिना'च म्हणायचं, वाइनच्या तळघराला म्हणतात तेच. प्रत्यक्षात तिथे सायकली, टोमॅटोच्या रसाच्या बरण्या आणि मुलांचे लहान झालेले बूट असतात. गेल्या वर्षी पाइप बदलायचे म्हणून सगळ्यांना आपापली खोपटी रिकामी करावी लागली. त्या उचकाउचकीत मास्तरांना जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली सापडली. सापडली असं तेच म्हणतात. मास्तरीणबाईंच्या मते ती कुठे आहे हे त्यांना रोज ठाऊक होतं.

ब्योन्दी-सांती, ब्रुनेल्लो दी मॉन्ताल्चिनो, १९८५. म्हणजे इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या मॉन्ताल्चिनो गावची ब्रुनेल्लो नावाची लाल वाइन, ब्योन्दी-सांती घराण्यानं केलेली.

इटलीत १९८५ म्हटलं की लोक आधी थंडीची आठवण काढतात. त्या जानेवारीत टस्कनीत पारा उणे वीसच्याही खाली गेला. शेकडो वर्षांची ऑलिव्हची झाडं उभी फुटली, बुंध्यापासून कापावी लागली. द्राक्षवेली पानं झाडून झोपलेल्या होत्या, म्हणून बहुतेक वाचल्या. पुढे उन्हाळा कोरडा आणि चांगला गेला, आणि ज्या सालाची सुरुवात अशी झाली त्या सालाची वाइन नावाजली गेली. आमच्याकडच्या वेलींना ही झोप नशिबात नाही. महाराष्ट्रात थंडी एवढी पडतच नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता-सरता फळछाटणी, असं दोनदा कापून वेलीला जागंच ठेवावं लागतं. पंधरा वर्षांत बाग थकते. आबांनी दोनदा बाग काढलेली मी पाहिली आहे. जेसीबीनं खोडं उपटताना ते तिथे थांबत नाहीत, तालुक्याला काहीतरी काम काढून जातात.

मास्तरांनी अशा दोन बाटल्या घेतल्या होत्या, मॉन्ताल्चिनोला फिरायला गेले तेव्हा. ८५ची वाइन नुकतीच बाजारात आलेली. ब्रुनेल्लोला घाई चालत नाही. आजचा नियमही असा, की निदान दोन वर्षं लाकडी पिंपात काढायची आणि सुगीनंतर पाचव्या वर्षाची पहिली जानेवारी उजाडल्याशिवाय विकायची नाही. रिझेर्वा, म्हणजे खास निवडक वाइन, असेल तर आणखी एक वर्ष. पगाराच्या मानानं किंमत भारी होती. बाईंनी परतीच्या वाटेवर सिएनापर्यंत तोंड उघडलं नव्हतं, असं दोघंही सांगतात, मास्तर खंतावून आणि बाई अभिमानानं.

पहिली बाटली त्यांनी १९९९च्या शेवटच्या रात्री फोडली. चौदा वर्षांची वाइन, म्हणजे पुरेशी जुनी, असं वाटलेलं. तोंडात घेतली तर आंबट, वर तुरट. जीभ सुपारी चघळल्यासारखी कोरडी. बाई म्हणाल्या, एवढ्या पैशात लिंबू पिळून दिलं असतं. दुसऱ्या बाटलीबद्दल मग पंचवीस वर्षं घरात कुणी बोललं नाही.

आपल्याकडे या सगळ्याला तयार शब्द आहे, मुरणं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, माणूस राजकारणात मुरतो, पाणीही कुठेतरी मुरत असतंच. वाइनच्या पुस्तकांमध्ये 'परिपक्व' वगैरे शब्द वापरतात, ते मला परीक्षेच्या निकालासारखे वाटतात. मुरणं म्हणजे आत आत जाणं. ताज्या लोणच्यात मीठ वेगळं लागतं, कैरी वेगळी, मोहरी वेगळी. मुरल्यावर कुठलं काय ते सांगता येत नाही. वाइनमध्येही काहीसं हेच होतं. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा आणि सालीचा रंग, हे दोन घटक वर्षानुवर्षं एकमेकांना धरत जातात, जड होतात आणि शेवटी गाळ होऊन तळाला बसतात. म्हणून जुनी वाइन फिकी दिसते आणि जिभेला मऊ लागते. फळांचा ताजा वास उडून जातो, त्याच्या जागी दुसरे वास येतात. आंबटपणा मात्र बसत नाही. तो शेवटपर्यंत तिथेच असतो, आणि त्याच्याच जोरावर ही वाइन इतकी वर्षं उभी राहते. १९९९ साली बाईंना ज्याचा राग आला होता तोच.

ब्योन्दी-सांतींची वाइन तर यासाठीच ओळखली जाते. कोवळेपणी कुणाला आवडू नये, अशी.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही मॉन्ताल्चिनोला जाऊन आलो. सिएनाच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, साडेपाचशे मीटर उंच डोंगरावर बसलेलं गाव आहे. १३६१चा किल्ला अजून धड उभा. आतल्या बुरुजाखाली वाइनचं दुकान. हा किल्ला मला फार ओळखीचा वाटला. १५५५ साली सिएना फ्लोरेन्स आणि स्पेनच्या ताब्यात गेलं तेव्हा तिथली काही माणसं इथे येऊन राहिली आणि आपलं प्रजासत्ताक अजून संपलेलं नाही, असं म्हणत १५५९पर्यंत त्यांनी ते चालवलं. रायगड पडल्यावर राजाराम महाराजांनी जिंजीतून राज्य चालवलं, ते आठवलं. तटावरून दक्षिणेला आमियाता डोंगर दिसतो, एकेकाळचा ज्वालामुखी, आता नुसता निळा.

गावाबाहेर ग्रेप्पो नावाची ब्योन्दी-सांतींची वाडी आहे. रस्त्यापासून घरापर्यंत दुतर्फा सायप्रसची झाडं, काळसर हिरवी, शिस्तीत उभी. आत जायला आधी वेळ ठरवावी लागते, ती आम्ही ठरवली नव्हती. तेव्हा मी काय पाहिलं म्हणाल, तर तो सायप्रसचा रस्ता, आणि कुंपणापलीकडची माती. फिकट करडी, ठिसूळ पाटीच्या खपल्या असलेली. 'गालेस्त्रो' म्हणतात तिला. मी एक खपली उचलून खिशात टाकली. नवरा म्हणाला, काय करणार आहेस? मी म्हटलं, आबांना दाखवीन. ती अजून माझ्या कोटातच आहे.

या वाडीत एकोणिसाव्या शतकात क्लेमेंते सांती नावाचा गृहस्थ होता, औषधनिर्माण शिकलेला. त्या काळी मॉन्ताल्चिनोचं नाव होतं ते मोस्कादेल्लो नावाच्या गोड पांढऱ्या वाइनसाठी. लाल वाइन असायची, पण वर्षाच्या आत प्यायची. क्लेमेंतेनं १८६५ सालच्या सुगीची निवडक लाल वाइन केली, तिला 'ब्रुनेल्लो' म्हटलं, आणि तिला पदक मिळालं. ब्रुनेल्लो म्हणजे सावळं. सांजोव्हेझे जातीच्या तिथल्या वाणाला गावकरी म्हणायचे तेच नाव. त्याची मुलगी ब्योन्दींच्या घरात दिली होती. तिचा मुलगा फेरूच्चो सतरा वर्षांचा असताना गारिबाल्दीबरोबर ऑस्ट्रियाशी लढायला गेला. परतल्यावर त्यानं दोन्ही घरांची आडनावं जोडून घेतली आणि आजोबांच्या वाडीत लक्ष घातलं.

तेव्हाचा युरोप म्हणजे द्राक्षवाल्यांसाठी आपत्काळ होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परकं काही वाचतेय असं वाटलंच नाही. आधी अमेरिकेतून भुरी आली. पानांवर राख उडवल्यासारखी पांढरी बुरशी, मणी तडकतात. आबा जिच्या नावानं बोटं मोडतात तीच. उपाय सापडला तो गंधकाचा, आबाही गंधकच मारतात. मग दावण्या आला, त्याला बोर्डो. आणि दावण्याच्याही आधी आलेला, मुळं खाणारा फायलोक्सेरा नावाचा किडा, त्याच्यावर फवारणीचा इलाज नव्हताच. शेवटी अमेरिकी जंगली वेलीचा खुंट खाली आणि युरोपची काडी वर, अशी कलमं करून तिकडच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या. आमच्या बागेतही खाली डॉगरीज आहे, तोही अमेरिकी. आमच्याकडे किड्यासाठी नाही, खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी.

अशा काळात फेरूच्चोनं एक उफराटी गोष्ट केली. सगळे जण लवकर विकता येईल, चार पैसे हाती येतील अशी वाइन करत होते. त्यानं आपल्या बागेतल्या सांजोव्हेझेच्या चांगल्या वेली निवडल्या, त्यांच्याच काड्या लावल्या, दुसरी जात मिसळायची नाही असं ठरवलं आणि मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं वाइन ठेवली. १८८८च्या सुगीच्या बाटल्या अजून आहेत, मोजक्याच. त्याचा मुलगा तांक्रेदी. दुसऱ्या महायुद्धात आघाडी डोंगराच्या पायथ्याशी आली तेव्हा त्यानं जुन्या बाटल्यांपुढे भिंत बांधून घेतली. सैन्यं आली आणि गेली, बाटल्या भिंतीआड तशाच. तांक्रेदीचा मुलगा फ्रांको. तो ९१ वर्षांचा होऊन २०१३ साली गेला, तोवर वाडी त्याच्याच नजरेखाली. त्यानं फ्लोरेन्सच्या विद्यापीठाबरोबर आपल्या बागेतली एक वेल निवडून तिची रोपं वाढवली. बीबीएस-११ हे तिचं नाव. ब्रुनेल्लो ब्योन्दी सांती, वेल क्रमांक अकरा. द्राक्षवाल्याला यापेक्षा मोठं स्मारक नको. आमच्या तासगावाचंही नाव एका वाणाला आहे, तास-ए-गणेश. थॉम्पसन जातीच्या बागेत एका शेतकऱ्याला वेगळी फूट दिसली, त्यातून निघालेला.

मला या घराण्याच्या गोष्टींतली सगळ्यात आवडती आहे ती रिकोल्मातूरा. शब्द मोठा आहे, काम साधं. बाटली पडून राहिली की बुचातून थेंब थेंब वाइन उडत जाते, वर पोकळी वाढते, हवा आतलं बिघडवू लागते. तर जुन्या रिझेर्वाच्या बाटल्या लोक ग्रेप्पोला घेऊन जायचे. फ्रांको बाटली उघडायचा, थोडी चाखायचा, ठीक असेल तर त्याच सालच्या वाइननं ती गळ्यापर्यंत भरून नवं बूच मारून द्यायचा. १९६४ची बाटली असेल तर भर १९६४चीच. त्यासाठी स्वतःच्या तळघरातली एक बाटली फोडायची. आणि वाइन मेलेली असेल तर तसं सांगायचा आणि भरायचा नाही. समोरचा माणूस शेकडो मैलांवरून आलेला असला तरी.

आता कुणी म्हणेल, केवढा हा संयम. मलाही वाटलं होतं. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पुढचा प्रश्न सुटत नाही. थांबलं कुणाच्या जिवावर? टस्कनीत त्या काळी 'मेत्झाद्रीया' होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक अर्धं-अर्धं. आपल्याकडे अर्धेलीनं देतात तशीच. नवे करार करायला कायद्यानं बंदी आली ती थेट १९६४ साली. डोंगराळ टस्कनीत पिढ्यान् पिढ्या अशी घरं होती, ज्यांच्या वाट्याच्या अर्ध्यात वर्ष निघत नसे. त्यांना पिंप दहा वर्षं झाकून ठेवा, असं कोण सांगणार? थांबणं परवडावं लागतं. आबांनी बेदाणा शेडवरून कधी चार महिने रोखून धरलेला मला आठवत नाही. भाव वाढणार हे दिसत असतानाही. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर असतं. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो आणि तोही आमच्या हातात मुरत नाही.

याचा अर्थ फेरूच्चोचं कौतुक कमी करावं असा नाही. ज्यांना परवडत होतं, अशा शंभर जमीनदारांतला तोच एक थांबला. बाकीच्यांनीही कुळांचं अर्धं घेतलंच, आणि त्याची शिल्लक काही राहिली नाही.

बाटलीकडे येते.

मास्तरांनी ती दोन दिवस आधी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर उभी करून ठेवली, गाळ तळाला बसावा म्हणून. शनिवारी सकाळी आठला आम्हाला खाली बोलावलं. बाटली तेव्हा उघडायची आणि जेवायचं रात्री. पोकळी बरीच वाढली होती, वाइन खांद्यापर्यंत उतरलेली. आमचं तळघर म्हणजे काही ग्रेप्पोचं तळघर नव्हे. उन्हाळ्यात तिथेही पंखा लावावासा वाटतो. आणि ही बाटली रिझेर्वा नव्हती, साधी. पंचवीस वर्षांवरच्या वेलींच्या द्राक्षांची, चांगल्या सालांतच काढतात ती रिझेर्वा. हिला रिकोल्मातूरा वगैरे कोण करणार.

मास्तरांकडे दोन पात्यांचं एक हत्यार आहे. बुचाच्या दोन्ही बाजूंनी पाती सरकवायची आणि पिळत पिळत ओढायचं. ड्रॉइंग शिकवलेला हात, थरथरला नाही. तरी बूच अर्ध्यावर तुटलं. वरचा भाग काळा, भुसभुशीत, खालचा बाटलीतच. दुसऱ्या खेपेला उरलेलं निघालं, थोडा चुरा आत पडला. मास्तरीणबाईंनी चहाची गाळणी आणून ठेवली. काही बोलल्या नाहीत, नुसती ठेवली.

मास्तरांनी घोटभर ओतून सगळ्यांपुढे फिरवली. वास आला तो भिजलेल्या गोणपाटाचा. जुनी ट्रंक पावसाळ्यात उघडावी तसा. बाई म्हणाल्या, "गेली." मास्तरांनी ग्लास नाकापासून दूर केला, परत जवळ घेतला. म्हणाले, "बघू." आणि बाटली तशीच उघडी ठेवून ते भाजी आणायला गेले.

रात्री आठला जेवायला बसलो. त्यांच्यासाठी खिम्याच्या रश्शातली तालियातेल्ले, मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी रानातल्या मशरूमची, आणि मध्ये छत्तीस महिने मुरवलेल्या पार्मेझानचा दगडासारखा तुकडा. या घरात त्या दिवशी सगळंच जुनं होतं. मास्तरांनी बाटली न हलवता, पाळण्यातल्या बाळाला उचलावं तशी उचलली आणि गळ्यामागे मोबाइलचा दिवा धरून ओतली. गाळ गळ्याशी येताना दिसला की थांबायचं.

रंग लाल नव्हता. म्हणजे मधोमध होता थोडा, डाळिंबाच्या सुकलेल्या दाण्यासारखा. कडेला विटेचा, आणि अगदी काठावर चहासारखा. ग्लासातून पलीकडचं टेबलक्लॉथचं नक्षीकाम दिसत होतं. मला दाट, गडद काहीतरी अपेक्षित होतं. ती कल्पना बहुतेक जाहिरातींतून आलेली. सांजोव्हेझे मुळातच गडद नसते.

गोणपाटाचा वास गेला होता. कुठे गेला ठाऊक नाही, बारा तासांत उडून गेला. आता जे होतं त्याला मी नाव देऊ लागले, तर एकेक घरातलंच आठवत गेलं. वाळवलेली संत्र्याची साल, आजी उटण्यासाठी कुटायची ती. आमसूल. तपकिरीची डबी उघडल्यावर येतो तो वास, शिंक येण्याआधीचा. आणि खाली कुठेतरी लोखंड, विहिरीच्या जुन्या रहाटाला हात लावून हाताचा वास घ्यावा तसं. वाइनच्या जाणकारांच्या यादीत हेच वास कातडं, तंबाखू, जंगलातला पाला अशा नावांनी असतात. मला ती नावं कधी लागू पडली नाहीत. मी जंगलात फिरलेली नाही, विहिरीवर वाढले.

घोट घेतला. आधी आंबट, तेही चांगलं धारदार. चाळीस वर्षांनीसुद्धा त्याची धार बोथट झालेली नाही. पण आता तो एकटा उभा नव्हता. तुरटपणा होता, पिकलेल्या जांभळाएवढा, जिभेच्या कडांना धरणारा आणि लगेच सोडणारा. इटालियनमध्ये या तोंड ओढून घेणाऱ्या चवीला 'आल्लाप्पांते' म्हणतात. आपला 'तुरट' त्याहून नेमका आहे. गोडी जवळजवळ नाहीच. तरी घोट गेल्यावर मागे जे राहिलं ते बेदाण्यासारखं होतं. रॅकवर पंधराव्या दिवशी जाळी हलवली की शेडभर पसरतो तो वास, साखर आणि ऊन यांच्या मधला. इतकं स्पष्ट, की मी ग्लास खाली ठेवला.

मास्तरीणबाईंनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "तेव्हा फार लवकर उघडली होतीस." पंचवीस वर्षांनी आलेली ही कबुली होती की आणखी एक तक्रार, मला नीट कळलं नाही. मास्तरांना कळलं असावं. त्यांनी बाईंचा ग्लास पुन्हा भरला.

तासाभरानंतर वाइन बसायला लागली. आधी संत्र्याची साल गेली, मग तपकीर. शेवटच्या पाव ग्लासात नुसता आंबटपणा आणि थोडं लोखंड. म्हातारी माणसं गप्पांत रंगून एकदम थकतात, तशी. मग मास्तरांनी वाडी आता कुणाची आहे ते सांगितलं. २०१६च्या डिसेंबरात बहुतांश हिस्सा एका फ्रेंच घराण्याच्या कंपनीनं घेतला, ज्यांच्याकडे शॅम्पेनचीही नावाजलेली घरं आहेत. क्लेमेंते, फेरूच्चो, तांक्रेदी, फ्रांको, आणि मग हे. मास्तरांच्या आवाजात थोडा राग होता. इटालियन माणसाला फ्रेंचांनी काही घेतलेलं सहज पचत नाही. मला तेवढं वाईट वाटलं नाही. २००८ साली काही जण ब्रुनेल्लोत दुसऱ्या जाती मिसळतात असा गवगवा झाला, चौकशा झाल्या. तेव्हा नियम सैल करा म्हणणारेही होते. बागायतदारांनी प्रचंड बहुमतानं ठरवलं की सांजोव्हेझे म्हणजे सांजोव्हेझेच, शंभर टक्के. फेरूच्चोनं आपल्या वाडीपुरतं ठरवलेलं आता दोनशेहून जास्त घरांचं झालंय. आडनाव कागदावरून पुसलं तरी ते राहील. आणि सांजोव्हेझेची वेल तर आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यापर्यंत पोचली आहे. अकलूजला दोन इटालियन भाऊ, मोहिते-पाटील बंधू आणि दिल्लीचे आणखी दोन भाऊ यांनी मिळून मळे लावले, नावच ठेवलं 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. वाइन करायला टस्कनीहून प्येरो मासी आले. त्यांच्या 'सेत्ते' नावाच्या वाइनमध्ये सांजोव्हेझे असते. ती चाळीस वर्षं ठेवून बघायला कुणाकडे खोपटी आहे का, ते माहीत नाही.

रविवारी सकाळी आबांचा व्हिडिओ कॉल आला. आई मागे भाकरी थापत होती. रिकामी बाटली मास्तरांनी मला दिली होती, ती ओट्यावर होती, आणि मी लपवायला विसरले. की विसरले नाही, सांगता येत नाही.

"ती कसली गं बाटली?"

मी सांगितलं. द्राक्षाची. १९८५ची.

आबा गप्प. मग आईनं विचारलं असतं असा प्रश्न त्यांनी विचारला नाही. म्हणाले, "पंच्याऐंशी म्हंजे मी लग्न करायच्या आधीची." आणि मग, "एकरी किती काढत्यात?"

हे मला ठाऊक होतं. ब्रुनेल्लोला हेक्टरी आठ टनांच्या वर काढू देत नाहीत.

आबांनी हिशेब केला. तोंडातल्या तोंडात, बोटांवर. "म्हंजे एकरी सव्वातीन टन? आन् मग खात्यात काय?" आमच्याकडे दहा-बारा टन निघाले नाहीत तर आबांना झोप लागत नाही.

"आबा, त्यांच्या काही वेली फार जुन्या असतात. पंचवीस वर्षांच्या वर. तीस, चाळीस."

"चाळीस?"

"हो."

ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. नुसती मिशी आणि चष्म्याची एक काच दिसत होती.

"खुंट कुठला हाय?"

मला सांगता आलं नाही. खाली जाऊन मास्तरांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. आबा म्हणाले, विचारून ठेव. आणि त्या बाटलीत गाळ आहे तो टाकू नकोस, कुंडीत घाल.